भिंतीत बांधलेली शिल्पं: दिसतात कधी, टिकतात कशी आणि मरतात कशाने

मुंबईत फोर्टात हुतात्मा चौकाजवळ न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची बिल्डिंग आहे, १९३६ ची. मास्टर, साठे अँड भुता या आर्किटेक्ट मंडळींनी बांधलेली. तिच्या दर्शनी भिंतीत शेतात राबणारी माणसं आहेत, कुंभार आहे, सूत कातणाऱ्या बायका आहेत आणि भल्यामोठ्या उभ्या आकृत्या आहेत, हे सगळं काम ना. ग. पानसरे या शिल्पकाराचं. समोरून ऑफिसला जाणाऱ्यांचा लोंढा चाललेला असतो आणि वर मान करून बघणारा एखादाच. त्यात लोकांची चूक आहे असं नाही. पुतळ्याला चौथरा असतो, नाव असतं, जयंतीला हार पडतो, त्यामुळे हा पुतळा आहे हे न बघताही कळतं. भिंतीतल्या शिल्पाला यातलं काहीच नाही, ते भिंतीचाच भाग म्हणून उभं असतं आणि आपण भिंतीकडे बघतो तसंच त्याच्याकडे बघतो, म्हणजे बघतच नाही.

पण कोणी मुद्दाम थांबून बघायला लागलं की प्रश्न ठरलेले. हे आधी कोरून मग बसवलं की भिंतीवरच कोरलं? नाकाडोळ्याच्या खालीच एवढं काळं का झालंय? आणि आमच्या सोसायटीच्या गेटवर असंच काहीतरी आहे ते यंदा रंगवून घ्यायचंय, चालेल ना? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देतो, नाही चालणार, पण का नाही ते समजायला बाकीचं सगळं समजून घ्यावं लागतं.

तर पहिली गोष्ट. भिंतीतलं शिल्प म्हणजे भिंतीला चिकटवलेला पुतळा नव्हे. तो भिंतीतला एक दगड आहे, त्याला भिंतीत काम आहे. वरचे थर त्याच्यावर बसलेत, बाजूच्या दगडांना तो धरून आहे, आणि आपल्याला दिसतो तो त्याचा फक्त पुढचा भाग, बाकीचा दगड आत भिंतीत शिरलेला असतो. पुतळा क्रेनने उचलून दुसऱ्या चौकात नेता येतो, आपल्याकडे नेलेतही. याला उचलायचं तर भिंत उतरवावी लागते. पुढे जे काही सांगणार आहे ना, ऊन, पाणी, रंग, कायदा, ते सगळं या एका गोष्टीवरून निघतं.

आपल्याकडे वेरूळ, घारापुरी, कार्ले म्हटलं की लोकांना वाटतं तेच हे. तसं नाही. तिथे डोंगरच कोरलाय, दगडाला जोडच नाही. बांधलेल्या भिंतीतलं शिल्प बघायचं तर आपल्या किल्ल्यांचे दरवाजे बघा. जंजिऱ्याच्या मुख्य दरवाज्याशी वाघासारखा प्राणी कोरलाय आणि त्याने पंजात नि शेपटीत हत्ती पकडून ठेवलेत, रायगडाच्या महादरवाज्यावर दोन कमळं आहेत. येणाऱ्याने ते बघूनच आत यायचं, म्हणजे रस्त्यावरच्या माणसासाठी भिंतीत शिल्प बसवायची कल्पना काही इंग्रजांनी आणली नाही. त्यांनी काय केलं, तर ती गडाच्या दरवाज्यावरून मंडईच्या दरवाज्यावर आणली.

ती मंडई म्हणजे क्रॉफर्ड मार्केट, आताची महात्मा जोतिबा फुले मंडई. १८६९ मध्ये बांधून झाली, आर्किटेक्ट विल्यम एमर्सन. भिंतीला कुर्ल्याचा पिवळट दगड आणि मधेमधे वसईचा लालसर. मुख्य दाराच्या कमानींवर जे अर्धगोल पॅनेल आहेत त्यात शेतकरी, धान्य, बाजारहाट करणारी माणसं कोरलीत, आणि ते काम जॉन लॉकवुड किपलिंगचं. हा माणूस १८६५ मध्ये मुंबईत आला तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आर्किटेक्चरल स्कल्प्चर शिकवायलाच, म्हणजे इमारतीच्या अंगात बसणारं शिल्प हाच त्याचा विषय. त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा मुलगा रुडयार्ड जे. जे. च्या आवारात जन्मला आणि पुढे मुलाचं नाव एवढं मोठं झालं की बाप मागे पडला. मला विचाराल तर मुंबईवर बापाचं काम जास्त आहे, कारण त्याच्यामागे जे. जे. मध्ये जी परंपरा उभी राहिली तिच्यातल्याच विद्यार्थ्यांनी पुढे व्हीटी स्टेशनचं, म्हणजे आताच्या सीएसएमटीचं, बरंचसं कोरीव काम केलं. पानं, पक्षी, माकडं, जाळ्या, किती म्हणून सांगू. त्या स्टेशनच्या भिंतीत जीआयपी रेल्वेच्या, म्हणजे ते स्टेशन बांधणाऱ्या कंपनीच्या, डायरेक्टरांचे चेहरे आहेत आणि त्यात आपले नाना शंकरशेटही आहेत, जमशेटजी जीजीभॉयही आहेत. रोज तिथून लोकल पकडणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे.

आता कोरणं. या शिल्पांना उठावशिल्प म्हणतात आणि उठाव किती यावरून सगळा खेळ ठरतो. खिशातलं नाणं काढून बघा, त्यावरचं चित्र म्हणजे सगळ्यात कमी उठाव. दुसऱ्या टोकाला अशी शिल्पं असतात की हात, डोकं, घोड्याचा पाय पार सुटा होऊन भिंतीबाहेर आलेला असतो, फक्त पाठ चिकटलेली. रस्त्याकडेच्या भिंतीत जास्त करून मधला प्रकार असतो, आणि तोच अवघड. समजा एक बैल आहे, त्याच्या पलीकडे दुसरा बैल, त्याच्यामागे औत धरलेला माणूस आणि लांब एक झाड. खऱ्यात हे पंधरा वीस फूट खोल आहे, शिल्पकाराकडे जागा आहे चार बोटं. मग तो काय करतो, पुढच्या बैलाला दोन बोटं देतो, मागच्याला एक, माणसाला अर्ध आणि झाडाला नुसती रेघ, आणि प्रत्येकाच्या कडेला छिन्नी थोडी आत घालून खोबण काढतो म्हणजे तिथे सावली साचते आणि आपला डोळा समजतो की मागे खूप जागा आहे. जवळ जाऊन बाजूने बघितलं की ही लबाडी पकडता येते, पुढच्या बैलाचं पोट गोल वाटत होतं ते चपटं निघतं.

एक तिसरा प्रकारही आहे, इजिप्तवाल्यांचा. ते आकृती बाहेर काढत नाहीत, आकृतीच्या कडेने खोल चर खणतात आणि आकृती भिंतीच्या पातळीच्या आतच ठेवतात. कडक ऊन असेल तर ही युक्ती जबरदस्त चालते, कडेच्या चरात काळीभोर सावली पडते आणि आकृती लांबून वाचता येते. १९२२ मध्ये तुतनखामेनचं थडगं सापडलं आणि सगळ्या जगाला इजिप्तचं वेड लागलं, मग १९२५ चं पॅरिसचं प्रदर्शन, त्यातून आर्ट डेको ही इमारतींची ठसठशीत, भौमितिक आकारांची शैली, आणि ती मुंबईत तीसच्या दशकात आली. त्यामुळे पानसरेंच्या ताठ, समोर बघणाऱ्या आकृत्यांत इजिप्तची आठवण येते आणि विषय मात्र अस्सल इथला, चरखा, चाक आणि शेत. परकीय घाट आणि आपली माणसं, तेही इंग्रजांच्या राज्यात, एका देशी विमा कंपनीच्या भिंतीवर. १९३६ मध्ये भर फोर्टात चरखा कोरायचा याचा अर्थ बघणाऱ्याला सांगावा लागत नव्हता.

बरं, मुंबईत अशी भिंत बघायला जायचं तर कधी जायचं? सकाळी सकाळी कोवळ्या उन्हात असं सगळे म्हणतील, फोटोवाले तर नक्कीच. भिंत पूर्वेला तोंड करून असेल तर हीच सगळ्यात वाईट वेळ! सूर्य अगदी समोर असतो, ऊन भिंतीवर सरळ आदळतं, सावली म्हणून पडत नाही आणि सगळं शिल्प सपाट दिसतं. तेच दहा अकराला जा, सूर्य वर चढलेला असतो, ऊन भिंतीला घासत खाली येतं आणि प्रत्येक भुवई, प्रत्येक लुगड्याची चुणी उठून दिसते. पश्चिमेच्या भिंतीचं उलट, दुपारी सूर्य कलल्या कलल्या चांगलं दिसतं आणि सूर्यास्ताला सोनेरी पण सपाट. दक्षिणेची भिंत हिवाळ्यात बघावी, सकाळी नाहीतर दुपार उतरताना, तेव्हा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि बाजूने ऊन मिळतं. उत्तरेच्या भिंतीवर वर्षातला बराच काळ ऊन येतच नाही, पण मुंबईत एक गंमत आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी इथे सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, आणि या दोन्हीच्या मधल्या काळात भर दुपारीही सूर्य किंचित उत्तरेला असतो. म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात, पावसाआधी, दुपारी साडेबाराच्या सुमाराला उत्तरेच्या भिंतीवरून ऊन अगदी चाटून जातं. घाम निघतो, पण एरवी कधी न दिसणारं कोरीव काम तेव्हा दिसतं.

आणि म्हणूनच हल्ली ते खालून एलईडी लावतात ना, ते मला अजिबात पटत नाही. शिल्पकाराने ऊन वरून येणार हे धरून भुवया, ओठ, हनुवटी कोरलेली असते. प्रकाश खालून टाकला की सगळ्या सावल्या उलट्या, आणि बिचारा शेतकरी भुताच्या सिरियलमधला वाटायला लागतो.

उंचीचंही असंच. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला, डिझाइन जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं जो कधी हिंदुस्थानात आलाच नाही, पण वर पश्चिम हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या जातीजमातींची जी माणसं उभी आहेत त्यांचे नमुने रावबहादूर मुकुंद रामचंद्र या इथल्याच इंजिनिअरने केले. आकृती इतकी वर असली की खालून बघताना पाय मोठे आणि डोकं लहान दिसतं. चांगला कारागीर हे आधीच धरून चालतो, डोकं जरा मोठं करतो, वरचा भाग पुढे झुकवतो. समोरासमोर ठेवलं तर बेढब वाटेल असं शिल्प खालून बघताना नीट दिसतं. त्यामुळे अशा वरच्या शिल्पांचे ड्रोनने काढलेले फोटो बघून प्रमाण चुकलंय वगैरे म्हणू नये.

आधी कोरलं की नंतर, या प्रश्नाचं उत्तर दोन्ही. एक पद्धत अशी की कारखान्यात, म्हणजे साइटवरच्याच शेडमध्ये, दगड पुरता कोरायचा आणि मग तो थरात बसवायचा. दुसरी अशी की गवंड्याने दगड ओबडधोबड, पुढे आलेलाच बसवून टाकायचा आणि भिंत उभी राहिली की पाथरवटाने परांचीवर बसून तो जागेवर कोरायचा. ओळखायचं कसं? दोन दगडांमधली दर्ज बघा, म्हणजे सांध्याची रेघ. ती जर आकृतीच्या गालातून, दंडातून आरपार जात असेल आणि दोन्ही बाजूंची वळणं तंतोतंत जुळत असतील तर बहुतेक जागेवर कोरलेलं. प्रत्येक आकृती आपापल्या दगडात पूर्ण मावली असेल आणि रेघ तिला वळसा घालून जात असेल तर खाली कोरून वर चढवलेलं. याला अपवाद आहेतच, पण रस्त्यात उभं राहून लावायला हा अंदाज पुरतो. आणि जुन्या इमारतींत कधी कधी एखादा पुढे आलेला दगड कोरायचाच राहून गेलेला सापडतो, बहुतेक पैसे संपलेले असतात.

दगडाचा स्वभावही बघावा लागतो. आपला काळा बेसाल्ट कठीण, त्यात बारीक काम करायला घाम गाळावा लागतो, टिकतो मात्र जन्मभर. कुर्ला मालाडकडचा पिवळट दगड जरा मवाळ, म्हणून मुंबईच्या इमारतींत तो भरपूर. पोरबंदरचा दगड आणखी मऊ, छिन्नी लोण्यासारखी जाते, पण तो चुनखडीचा आहे आणि चुनखडीला आम्ल सोसत नाही.

इथून मरणाची गोष्ट सुरू होते.

गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरात गंधकाचे वायू असतात, ते ओलाव्यात मिसळून चुनखडीच्या दगडावर बसले की वरच्या थराचं जिप्सम होतं, पीओपी ज्यापासून बनतं तेच. हे जिप्सम वाढताना हवेतली काजळी आपल्यात धरून ठेवतं. जिथे पाऊस थेट लागतो तिथून ते धुऊन जातं, जिथे लागत नाही तिथे साठत राहतं. म्हणून कपाळ नि नाकाचा शेंडा स्वच्छ आणि डोळ्याखाली, काखेत, पदराच्या आडोशाला काळी खरपुडी. लोक म्हणतात मळ आहे, ब्रशने घासून काढू. तो नुसता मळ नाही, त्यात दगडाची स्वतःची कातडी आहे, घासली की नाक डोळे बरोबर जातात. सँड ब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा मारा, त्याहून वाईट. दगड नवा दिसतो कारण तुम्ही कारागिराने कोरलेला वरचा थरच उडवलेला असतो. जाणकार लोक पाण्याचे बारीक तुषार हळूहळू सोडतात नाहीतर मातीचा ओला लेप लावून ठेवतात, तो सुकताना खरपुडी नि क्षार ओढून घेतो. यासाठी वापरतात त्यात मुलतानी मातीच्या जातीच्याही माती असतात, खरंच.

दुसरा शत्रू सिमेंट. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना दगडापेक्षा मऊ आणि त्यातून ओल ये जा करू शकते, म्हणजे पावसात भिंतीने पाणी प्यायलं तरी नंतर ते दर्जेतल्या चुन्यातून उडून जातं, झिजायचं तर चुना झिजतो आणि तो दर पन्नास साठ वर्षांनी परत भरता येतो. मग कोणीतरी कॉन्ट्रॅक्टर येतो आणि म्हणतो साहेब चुना गेलाय, सिमेंट मारून देतो, एकदम मजबूत. सिमेंट मजबूत आहे हाच प्रॉब्लेम आहे! त्यातून पाणी बाहेर पडत नाही, मग ते दगडातून पडतं, मुंबईच्या हवेतलं समुद्राचं मीठ त्याच्याबरोबर दगडाच्या छिद्रांत येतं, पाणी उडालं की मिठाचे स्फटिक तिथे फुगतात आणि आतून दगड फोडतात, थोडा थोडा, पिठासारखा. काही वर्षांनी दृश्य असं की सिमेंटच्या रेघा तशाच ताठ पुढे आलेल्या आणि मधला दगड आत गेलेला.

तिसरं, लोखंड. दगड एकमेकांना बांधायला आत लोखंडी कांब्या घातलेल्या असतात आणि पाणी पोचलं की त्या गंजतात, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि एक दिवस आकृतीचा हात खाली फुटपाथवर. हे फक्त शिल्पाचं नुकसान नाही, खाली चालणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. चौथं, पिंपळ. कावळ्याने बी टाकलं, दर्जेत रुजलं, मुळं आत. वरून उपटला तर परत येतो आणि जोर लावून उपटला तर दगड घेऊन येतो. तो लहान असतानाच, मुळं बोटाएवढी व्हायच्या आत काढायचा, एवढाच त्याच्यावर खरा उपाय.

आणि रंग. ऑइल पेंट दगडाची सगळी छिद्रं बुजवतो. आत शिरलेलं पाणी बाहेर यायला धडपडतं आणि रंगाबरोबर दगडाचा पापुद्रा घेऊनच सुटतं. शिवाय दर दिवाळीला एक हात, दर निवडणुकीच्या आधी एक हात असं करत करत थर एवढे जाड होतात की बोटं बुजतात, डोळे बुजतात, चार बोटांच्या उठावातलं एक बोट रंगानेच खाल्लेलं असतं. कोळीण आहे की गवळण हेही ओळखू येत नाही मग. सोनेरी रंगाबद्दल तर बोलायलाच नको.

हल्ली फ्लायओव्हरच्या खाली, रिटेनिंग वॉलवर, म्हणजे माती अडवणाऱ्या भिंतीवर, जी नवीन म्युरलं दिसतात ती बहुतेक फायबरची नाहीतर सिमेंटच्या साच्यातली असतात, मागून बोल्टने ठोकलेली. बोटाने टकटक करून बघा, पोकळ वाजतं. ती वाईटच असतात असं मी म्हणणार नाही, काही खरंच चांगली असतात, स्वस्तही पडतात आणि बदलता येतात. पण ती भिंतीवर आहेत, भिंतीत नाहीत. उन्हाने फायबरचा रंग उडतो, बोल्ट गंजतात, आणि मेंटेनन्सचं बजेट टेंडरमध्ये धरलेलं नसेल तर एक कोपरा लोंबकळायला लागतो आणि तसाच राहतो.

कायद्याचं थोडक्यात. मुंबईत १९९५ पासून हेरिटेज नियमावली आहे, म्हणजे जुन्या, मोलाच्या इमारती जपायचे नियम, आणि असे नियम करणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या शहरांत मुंबई येते. यादीत इमारती असतात, त्यांना पहिली, दुसरी, तिसरी अशा ग्रेड असतात आणि बदल करायचा तर बहुतेक वेळा हेरिटेज कमिटीचं मत घ्यावं लागतं. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना युनेस्कोचा दर्जाही मिळाला. पण संरक्षण इमारतीला आहे, ती यादीत असेल तर. गिरगावातल्या, दादरमधल्या एखाद्या साध्या बिल्डिंगच्या दारावर किंवा कंपाउंडच्या भिंतीत कोणा अनाम कारागिराने केलेली लक्ष्मी, मोर, उगवता सूर्य असं काही असेल तर ते कुठल्याच यादीत नसण्याची शक्यता जास्त. रस्ता रुंद झाला की भिंत जाते, रीडेव्हलपमेंट आलं की बिल्डिंग जाते, आणि ते शिल्प डेब्रिसच्या ट्रकमधून जातं, कारण कागदावर ते शिल्प नसतंच, ते भिंतीच्या घनफुटात धरलेलं असतं.

तेव्हा सोसायटीवाल्यांसाठी. रीडेव्हलपमेंटच्या अ‍ॅग्रीमेंटवर सही करायच्या आधी त्या पॅनेलचे तिरक्या उन्हातले फोटो काढा, लांबी रुंदी लिहा आणि ते उतरवून नव्या भिंतीत, रस्त्याच्याच बाजूला बसवायचं हे कलम त्यात घाला. सही झाल्यावर बिल्डर फक्त ‘बघू’ म्हणतो. आणि नुसतं रंगकाम असेल तर पेंटरच्या कोटेशनवरच लिहून घ्या की कोरलेल्या दगडाला प्रायमर नाही, पुट्टी नाही, पेंट नाही, कामाच्या दिवसांत त्याच्यावर प्लास्टिक बांधायचं आणि शेवटच्या दिवशी काढायचं. स्क्वेअर फुटातून तेवढी जागा वजा करायला सांगा. पैसे कमी होतात म्हटल्यावर पेंटर थोडी कुरकुर करतो, पण त्यामुळे कलम विसरत नाही.